आठ रात्रींत सात शहरं?

बेळगावहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या टिळकवाडीत राहतात, हायस्कूलमध्ये शिकवतात. यजमानांचं किराणा-भुसारीचं दुकान आहे, मुलगा 13 वर्षांचा. मे महिन्याच्या सुट्टीत तिघांनी युरोपला जायचं असं घरात ठरलं आहे. दुकान 11 दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही, त्यातले जाण्या-येण्याचे वजा केले तर तिथे 8 रात्री मिळतात. पासपोर्ट तिघांचेही आहेत, मुलगा आठ वर्षांचा असताना दुबईला नातेवाइकांकडे जायचं म्हणून एकदमच काढलेले.

ताईंना बसमधली टूर नको आहे. त्यांचं माहेर दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, गाड्या बघतच त्या वाढल्या. परदेशातही रेल्वेनंच फिरायचं अशी त्यांची जुनी इच्छा. त्यांनी वहीत आराखडा मांडला आहे: अ‍ॅमस्टरडॅम एक रात्र, पॅरिस दोन, मग इंटरलाकेन, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना आणि प्राग प्रत्येकी एक. यजमान म्हणतात, "एवढा पैसा घालायचा तर एकही शहर सोडायचं नाही, परत कोण जाणार आहे?" धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, भाषेचं काय, जेवणाचं काय? टूरवाल्यांबरोबर जावा, डोक्याला ताप नाही." ताईंचे प्रश्न तीन: हा आराखडा रेल्वेनं जमेल का, सगळ्या युरोपात चालणारा पास घ्यावा का, आणि घरातल्या या दोघांना काय सांगायचं?

ताई,

तुमचा आराखडा मी एकेक गाडी धरून तपासला. गाड्या आहेत, कागदावर सगळं जुळतं. तरीही सांगते, असं जाऊ नका. रेल्वेनं जा, स्वतःच्या हिमतीवर जा, पण सात शहरांना नको. तीन पुरेत.

आधी तासांचा हिशोब करू. अ‍ॅमस्टरडॅम ते पॅरिस सव्वातीन तास. पॅरिस ते इंटरलाकेन, बासेलला गाडी बदलून, पाच-सव्वापाच. तिथून मिलानमार्गे व्हेनिस साडेसहाच्या आसपास. व्हेनिस–रोम चार. रोमहून व्हिएन्नाला रात्रीची गाडी आहे, ती तेरा-चौदा तास घेते. व्हिएन्ना–प्राग चार. बेरीज 36 तासांच्या घरात जाते. शिवाय रोम–व्हिएन्नाची रात्र गाडीत गेली की तुमच्या आठातली एक रात्र, रोमची किंवा व्हिएन्नाची, कमी झाली. तुमच्या वहीत गाडीतली ती रात्र धरलेलीच नाही.

आणि हे फक्त गाडीत बसलेले तास. शहर बदलायच्या दिवशी सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते, पुढच्या गावची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. मधल्या वेळात बॅगा, स्टेशन, नव्या गावातली मेट्रो, तिचं तिकीट, आणि हॉटेल नेमकं कुठल्या गल्लीत ते शोधणं. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. शहर बदललं की अर्धा दिवस गेला असं धरायचं. प्रवास चार तासांपेक्षा लांबचा असेल तर पाऊण. तुमच्याकडे असे सहा दिवस आहेत, म्हणजे आठातले जवळजवळ निम्मे दिवस बॅगा ओढण्यात गेले. रोमच्या वाट्याला येते एक संध्याकाळ. आणि एखादी गोष्ट त्या दिवशी बंद निघाली तर दुसरी संधीच नाही. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, 1 मेलाही बंद असतं. तीन रात्री राहणाऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही.

आता यजमानांच्या बोलण्याकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. "परत कोण जाणार" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घरात ऐकू येतं आणि त्यामागे कंजूषपणा नसतो. वर्षभर दुकानाची फळी सकाळी उघडून रात्री लावणाऱ्या माणसानं अकरा दिवस गल्ला बंद ठेवायचा, म्हणजे त्याला त्या प्रत्येक दिवसाचा मोबदला दिसायला हवा. शहरांची संख्या हा त्याला दिसणारा मोबदला आहे. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. त्यांच्या भाषेत बोला. वही पुढ्यात ठेवा आणि प्रत्येक दिवसासमोर दोनच रकाने करा: गाडीत आणि स्टेशनवर किती तास, प्रत्यक्ष बघायला किती तास. व्यापारी माणसाला खर्च आणि मिळकत असे दोन रकाने शेजारी दिसले की निर्णय घ्यायला वेळ लागत नाही.

त्याबरोबर एक प्रश्नही विचारा, अगदी शांतपणे, जेवण झाल्यावर वगैरे: या सात नावांतली तुमची कुठली? मला वाटतं यातली निम्मी नावं टूरच्या जाहिरातींतून आणि शेजाऱ्यांच्या फोटोंतून आलेली असावीत. त्यांना बर्फ बघायचा असेल, मुलाला आयफेल टॉवर, तुम्हाला गाड्या. तिघांनी प्रत्येकी एकच गोष्ट सांगायची, जी राहिली तर खरोखर हुरहुर लागेल. मुलाला यात धराच. तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, त्याचं नाही.

एवढं झाल्यावर बहुतेक यादी आपोआप आटोपशीर होते. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. पॅरिस तीन रात्री, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न तीन रात्री, व्हेनिस दोन. बेंगळुरूहून पॅरिसला थेट विमान आहे, म्हणून जाताना पॅरिस. परतीचं तिकीट मात्र व्हेनिसहून काढायचं. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत येण्याचं तिकीट एकत्र काढता येतं, विमान कंपन्यांच्या साइटवर त्याला 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो आणि ते दोन सुट्या तिकिटांपेक्षा सहसा बरंच स्वस्त पडतं. पुष्कळ लोक जाऊन-येऊन एकाच शहराचं तिकीट काढतात आणि मग शेवटचा अख्खा दिवस त्या पहिल्या शहरात परत पोहोचण्यात घालवतात.

या मार्गावर रेल्वेचे मोठे प्रवास दोनच. पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून बासेल तीन तास, तिथे गाडी बदलून ल्युसर्न तासभर. दुसरा, ल्युसर्नहून मिलान सव्वातीन तास आणि मिलानहून व्हेनिस अडीच. गाड्या बदलायचा वेळ धरून अकरा तासांत दोन्ही प्रवास संपले. आणि ते अकरा तास वाया गेले असं तुम्हाला तरी वाटणार नाही. ल्युसर्न–मिलान मार्गावर गोटहार्डचा 57 किलोमीटरचा बोगदा आहे, 2016 साली सुरू झालेला, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. जलद गाडी वीसेक मिनिटांत त्यातून बाहेर पडते. पण हाताशी तासभर जास्त असेल तर जुन्या घाटमार्गानं जाणारी गाडी धरा. 1882 साली सुरू झालेला तो मार्ग डोंगर चढताना इतका वळसे घेतो की वासेन गावचं छोटं पांढरं चर्च खिडकीतून तीनदा दिसतं: एकदा वर, एकदा समोर, एकदा खाली. लोंढ्याहून कॅसल रॉकचा घाट उतरताना खिडकी न सोडणाऱ्या माणसानं ही गाडी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

ल्युसर्नमध्ये तीन रात्री का? कारण तिथे बॅग खोलीत ठेवून रोज नवं काही बघता येतं. झुरिक पाऊण-एक तास, बर्न तासभर. सरोवरातून बोटीनं फिट्झनाऊला गेलात की तिथून रिगी डोंगरावर दातेरी रुळांची गाडी चढते. 1871 साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. सकाळी बोट, दुपारी डोंगर, संध्याकाळी परत त्याच खोलीत. यजमानांना "किती ठिकाणं बघितली" हे मोजायचंच असेल तर ती अशी मोजता येतात, आणि बॅग एकदाही उचलावी लागत नाही. फक्त मे महिन्यात वरचे काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात. कुठला डोंगर कधी चालू आहे ते आधी बघून ठेवा.

पैशाचं गणित यापेक्षा हलकं हवं असेल तर दुसरा मार्ग आहे: प्राग तीन रात्री, व्हिएन्ना तीन, बुडापेस्ट दोन. प्राग–व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीन. राहणं-खाणं स्वित्झर्लंडच्या मानानं खूपच स्वस्त. भारतातून प्रागला जाताना वाटेत विमान बदलावं लागतं आणि तीन देशांत तीन चलनं आहेत, एवढाच त्रास. पण यजमानांना बर्फ हवा असेल तर तो इथे मेमध्ये मिळणार नाही. म्हणून म्हटलं, आधी प्रत्येकाचं एकेक ठरू द्या.

पास घ्यावा का? तुम्ही ज्या युरेल पासबद्दल विचारलं आहे तो 33 देशांत चालतो आणि पाच-सात दिवस रोज लांबचा प्रवास करणाऱ्यांना उपयोगी पडतो. तुमचे लांबचे प्रवास दोन. शिवाय पास असला तरी फ्रान्स आणि इटलीच्या जलद गाड्यांत जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं. तेव्हा तो नको. पॅरिस–बासेल आणि मिलान–व्हेनिस ही तिकिटं सुटी काढा. स्वित्झर्लंडच्या दिवसांपुरता मात्र स्विस ट्रॅव्हल पास घेण्यासारखा आहे. गाड्या, बसगाड्या, सरोवरावरच्या बोटी, शहरातली ट्राम सगळं त्यात येतं, रिगीची डोंगरी गाडीसुद्धा. तो लागोपाठ 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. तुम्हाला चारचा घ्यावा लागेल, कारण पोहोचायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही त्यात धरायचे. बासेलपासून तो चालू होतो आणि इटलीच्या हद्दीवरच्या कियासोपर्यंत चालतो, पुढचं मिलानपर्यंतचं तिकीट वेगळं. 16 वर्षांखालच्या मुलाला आई-वडिलांबरोबर त्याच पासवर फुकट प्रवास आहे, पण त्यासाठीचं फॅमिली कार्ड पास घेताना मागून घ्यावं लागतं. मागितलं नाही तर आपोआप मिळेलच असं धरू नका.

तिकिटांबाबत एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 60 दिवसांवर आलं आहे, आणि जागा नसेल तर वेटिंग, आरएसी, तत्काळ अशी आशा शेवटपर्यंत असते. तिथे वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. लांबच्या जलद गाड्यांची तिकिटं तीन ते सहा महिने आधी खुली होतात आणि विमानासारखी महाग होत जातात. सगळ्यात स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. ती गाडी चुकली तर तिकीट गेलं. प्रादेशिक गाड्यांचं तसं नाही, त्यांचं भाडं ठरलेलं असतं, ऐनवेळी स्टेशनवर काढलं तरी चालतं.

मग अडचण अशी येते की स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि व्हिसा अजून हातात नसतो. इथे घाई नको. व्हिसाच्या अर्जाला विमानाचं आरक्षण, हॉटेलची नोंद आणि फिरण्याचा आराखडा लागतो. हॉटेलं 'फुकट रद्द करता येतील' अशीच घ्या. रेल्वेची न परतणारी तिकिटं व्हिसा हातात पडल्यावरच काढा. थोडे पैसे जास्त जातील, पण रात्री झोप लागेल.

व्हिसाचं जरा सविस्तर लिहिते, कारण सीमाभागातल्या बऱ्याच जणांची इथे धावपळ होते. शेंगेन व्हिसा एकच, तो फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली सगळीकडे चालतो. अर्ज मात्र जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. तुमच्या नव्या आराखड्यात फ्रान्स तीन, स्वित्झर्लंड तीन, इटली दोन, आणि उतरणार पॅरिसला, म्हणजे अर्ज फ्रान्सकडे. जुना आराखडा इथेही नडला असता. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सात शहरांच्या सात हॉटेल-नोंदी दाखवायच्या आणि हे खरंच होणार आहे हेही पटवायचं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. मेच्या सुट्टीसाठी व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात तारीख मिळणं अवघड जातं, तेव्हा संक्रांतीच्या आसपास कागद तयार असू द्या. शुल्क मोठ्या माणसाला 90 युरो, आणि 12 वर्षांवरच्या मुलालाही तेवढंच. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे 12 वर्षांवरच्या सगळ्यांना द्यावे लागतात, म्हणून तुमच्या मुलालाही जातीनं हजर राहावं लागेल. त्याच्या परीक्षेच्या तारखा बघून दिवस घ्या. पुणं किंवा पणजी जवळ म्हणून तिकडचं केंद्र धरू नका. आपला पत्ता कर्नाटकातला, आणि काही देश पत्त्यावरून केंद्र ठरवतात. बेंगळुरूला जायची तयारी ठेवा. ऑगस्ट 2025 पासून बेळगावहून बेंगळुरूला वंदे भारत आहे, ती सोयीची पडेल. दुकानाचे परवाने, उतारे, दाखले यातले बरेच कागद कन्नडमध्ये असतील, त्यांची इंग्रजी भाषांतरं करून घ्यायला आठवडा-दोन आठवडे हातात ठेवा. आणि तिघांच्या नावांची स्पेलिंगं पासपोर्टवर आहेत तशीच विमानाच्या तिकिटावर आणि विम्यावर येऊ द्या. प्रवास विमा निदान 30,000 युरोंचा लागतो.

आता भाऊजींचं म्हणणं. ते तुमच्या काळजीपोटी बोलतात आणि त्यात तथ्य आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे असते, कुणाचे गुडघे दुखत असते किंवा जेवणाचं पथ्य कडक असतं तर मीही टूरच सुचवली असती. व्हिसाची फाइल, जेवण, बॅगा यांची जबाबदारी दुसऱ्यानं घेणं ही मोठी सोय आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण तुम्ही तिघं धडधाकट आहात. मधला मार्गही निघतो: व्हिसा आणि विमानाचं काम बेळगावातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या एजंटाकडे द्या, हॉटेलं आणि रेल्वे तुम्ही बघा. भाऊजींचीही निम्मी काळजी मिटेल.

भाषेची भीती तुम्ही तरी बाळगू नका. घरी मराठी, ऑफिसात कन्नड, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी असं दिवसभर बोलणारी माणसं आपण. समोरच्याला आपली भाषा येत नाही म्हणून काम अडत नाही, हे बेळगावकराला कुणी शिकवायला नको. स्टेशनवर तर बोलावंही फारसं लागत नाही. पॅरिसच्या स्टेशनावर काय होतं ते बघा. वरच्या मोठ्या फलकावर सुटण्याची वेळ, गाडीचा नंबर आणि शेवटचं स्टेशन दिसतं. फलाटाचा नंबर साधारण 20 मिनिटं आधी लागतो. तोवर सगळे फलकाकडे माना वर करून उभे असतात आणि नंबर लागला की गर्दी एकदम हलते. तुम्ही घाबरून पळू नका, जागा तुमची आरक्षित आहे. तिकिटावरचा डबा क्रमांक बघायचा, फलाटावर तो कुठे येणार याची खूण असते, तिथे जायचं. फक्त डब्यातली बॅगांची जागा आधी भरते, म्हणून रेंगाळू नका. जलद गाड्यांची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात आणि कुणासाठी परत उघडत नाहीत. हे काम मुलाकडे सोपवा. मोबाइलवर गाडीचा नंबर आणि फलाट बघणं त्याला आपल्यापेक्षा लवकर जमेल, आणि ती जबाबदारी मिळाली की तो या प्रवासात पाहुणा राहणार नाही. मिलानच्या फलकावर व्हेनिस नाव शोधाल तर सापडणार नाही, तिथे 'वेनेत्सिया' असतं. उतरायचं 'सांता लुचिया' स्टेशनवर. त्याआधीचं 'मेस्त्रे' हे खाडीअलीकडचं गाव आहे, तिथे राहणं स्वस्त पडतं आणि गाडीनं दहा मिनिटांत बेटावर जाता येतं. पण पहाटे नि रात्री कालव्याकाठी चालायचं असेल तर बेटावर, सांता लुचिया स्टेशनच्या जवळ खोली घ्या. जवळ अशासाठी की व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत.

गाडी उशिरा आली तर? बासेलला गाडी बदलायची आहे, आणि पास ल्युसर्नच्या कुठल्याही गाडीला चालतो, त्यामुळे तिथे चिंता नाही. मिलानला मात्र दोन तिकिटं वेगळी असतील आणि दुसरं एकाच गाडीला बांधलेलं असेल तर मध्ये निदान तासभर सोडा. शेवटची रात्र, काहीही झालं तरी, ज्या गावातून विमान आहे त्याच गावात काढा. पहिल्या दिवशीही विमानातून उतरून लगेच पुढची गाडी धरू नका. ऑक्टोबर 2025 पासून युरोपात उतरताना फोटो आणि ठसे घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे, रांगेला किती वेळ लागेल याचा नेम नाही.

जेवणाचं सांगते. निदान ल्युसर्नला स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, संध्याकाळी वरण-भात झाला की माणसं ताजी होतात. तिथली दुकानं रविवारी बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. बेळगावहून शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, लाडू न्या, पण लाडू तुपाऐवजी तेलातले असू देत. कुंदा मात्र नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, आणि कुंदा सगळा दुधाचाच. कुणाला द्यायला म्हणून चार डबे घेतलेत तर ते विमानतळावर जप्त होतील.

बॅगांच्या बाबतीत मी कडक आहे. माणशी एकच चाकांची बॅग, आणि ती प्रत्येकानं आपली आपण उचलायची. तिथे हमाल मिळत नाहीत, डब्याला पायऱ्या असतात. भरलेली बॅग घेऊन आपल्या घराचा जिना एकदा न थांबता चढून-उतरून बघा. दम लागला तर दोन साड्या आणि एक जोडी चपला काढा. पॅरिसच्या मेट्रोत आणि मिलानच्या मोठ्या स्टेशनवर खिसेकापू आहेत, तेव्हा पासपोर्ट आणि पैसे अंगावरच्या कपड्याच्या आत, पाठीवरच्या पिशवीत नकोत.

आणि मेपर्यंत थांबू नका. दसऱ्याच्या सुट्टीत तिघांनी एक रंगीत तालीम करा. हरिप्रिया एक्सप्रेसनं बेळगावहून होसपेट, तिथे दोन रात्री राहून हंपी, मग गदगला गाडी बदलून बदामी, एक रात्र. टॅक्सी नाही, एजंट नाही, तिकिटं आणि खोल्या मुलानं आणि तुम्ही मिळून काढायच्या. यजमानांना कुठे थकवा येतो, मुलगा कुठे कंटाळतो, तुम्हाला कशाची धास्ती वाटते, सगळं तिथे कळेल, आणि तेही घरापासून एका रात्रीच्या अंतरावर. बदामीहून परत येताना यजमान जर म्हणाले की अजून एक दिवस हंपीला हवा होता, तर तीन शहरांचा आराखडा त्यांच्यापुढे ठेवायला तोच दिवस चांगला.

पण त्याच्याही आधी, आज घरी गेल्यावर एक काम करा. तुम्ही लिहिलं आहे की मुलाचा पासपोर्ट तो आठ वर्षांचा असताना काढला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तो आता 13 वर्षांचा आहे, म्हणजे मुदत संपली असेल किंवा संपत आली असेल. शेंगेन व्हिसासाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक लागते. तुमचे दोघांचे दहा वर्षांचे आहेत, त्यांची तारीखही बघून घ्या. मुलाच्या नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात भरा, अर्जाला दोघांच्या सह्या लागतील.